नोकरीची निरीक्षण-चाचणी: नजर कशी फिरवायची, काय लिहायचं

लोटे, महाड, रोहा-धाटावचे रासायनिक कारखाने, मिरजोळ्याची मासळी प्रक्रिया युनिटं, न्हावाशेव्याची कंटेनर यार्डं, वेंगुर्ल्याकडचे काजू कारखाने. अशा ठिकाणी ऑपरेटर, क्वालिटी चेकर, टॅली क्लार्क किंवा सेफ्टीच्या जागा भरताना लेखी पेपराच्या जोडीला कधीकधी निरीक्षणाची चाचणी घेतात. आयटीआय किंवा डिप्लोमा झालेली मुलं मशीनची, वायरिंगची, गणिताची तयारी करून जातात आणि या पेपराला 'त्यात काय, डोळे चांगले आहेत आपले' म्हणून सोडून देतात. नेमके तिथेच गुण जातात.

ही चाचणी डोळ्यांच्या तेजाची नसते. त्यासाठी वैद्यकीय तपासणी वेगळी असते. इथे बघतात दोन गोष्टी: तुम्ही ठरावीक क्रमाने बघता का, आणि जिथे जे असायला हवं ते तुम्हाला आधीपासून माहीत आहे का. यातली दुसरी गोष्ट बहुतेकांच्या तयारीतून सुटते. कपलिंगवरचं (दोन शाफ्ट जोडणाऱ्या फिरत्या भागावरचं) गार्ड काढून ठेवलेलं असेल, तर चित्रात 'काहीतरी दिसतं' असं होतच नाही. तिथे नुसता शाफ्ट दिसतो आणि तो बरोबरच वाटतो. तिथे गार्ड असतं हे ज्याला ठाऊक आहे, त्यालाच ते नसलेलं दिसतं.

डोळा का चुकतो

हात सरळ लांब करून अंगठा उभा धरा. त्याच्या नखाएवढ्या भागातच आपल्याला खरं स्पष्ट दिसतं. दृष्टीचा हा कोन साधारण दोन अंशांचा असतो. बाकीचं सगळं पुसट असतं. डोळा सेकंदाला तीनेक उड्या मारत फिरतो आणि मेंदू त्या तुकड्यांचं अख्खं चित्र जुळवतो. जिथे उडी पडलीच नाही, तिथे मेंदू अंदाजाने भरतो. म्हणून 'मी पूर्ण चित्र बघितलं' ही भावना खरी असते, पण बघणं पूर्ण झालेलं नसतं.

दुसरं कारण दमणुकीचं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटिश हवाई दलाच्या रडार चालकांकडून पडद्यावरचे ठिपके का निसटतात, यावर मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी काम केलं आणि १९४८ मध्ये ते प्रसिद्ध केलं. घड्याळासारख्या तबकडीवर काटा टिकटिक पुढे सरकायचा, मधूनच एकदम दुप्पट उडी घ्यायचा. ती उडी पकडायची. दोन तासांच्या या कामात पहिल्या अर्ध्या तासातच पकड लक्षात येण्याइतकी ढिली झाली. अर्धा तास चालणाऱ्या पेपरात शेवटचे प्रश्न सोपे असूनही चुकतात त्यामागे हेच असतं.

तिसरं कारण सगळ्यात फसवं. दृष्टीवर संशोधन करणारे जेरेमी वुल्फ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये दाखवलं की शोधायची वस्तू निम्म्या चित्रांत असेल तेव्हा लोकांकडून ती सुमारे ७ टक्के वेळा निसटते. पण तीच वस्तू शंभरात एखाद्याच चित्रात असेल, तर निसटण्याचं प्रमाण ३० टक्क्यांपर्यंत जातं. सलग वीस जोड्या 'सारख्या' निघाल्या की एकविसावीही सारखीच वाटते. पेपर काढणाऱ्याला हे माहीत असतं. एकाच उत्तराची लांबलचक रांग लागली की तिथे मुद्दाम वेग कमी करायचा.

आकडे आणि कोड जुळवणं

सगळ्यात जास्त प्रश्न याचे असतात: बॅच नंबर, कंटेनर नंबर, ड्रमवरचं लेबल आणि चलन यांत फरक आहे का. चुका ठरावीक चार प्रकारच्या असतात. शेजारचे दोन अंक उलटसुलट होतात. एक अंक गळतो. तोच अंक तीनदा आला की दोनदाच लिहिला जातो. किंवा दिसायला सारखी अक्षरं बदलतात: इंग्रजी ओ आणि शून्य, बी आणि ८, एस आणि ५, झेड आणि २, आय आणि १. गाडीच्या १७ अक्षरी चासी नंबरात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं वापरतच नाहीत, ती याच गोंधळामुळे. उतरवून घेतलेल्या चासी नंबरात 'ओ' दिसला तर तो शून्यच असणार हे मूळ न बघताही कळतं.

आपल्याकडे हातानं लिहिलेल्या रजिस्टरांत आणखी एक भानगड असते. देवनागरी आणि इंग्रजी आकडे एकाच ओळीत येतात. देवनागरी १ घाईत इंग्रजी नऊसारखा दिसतो, देवनागरी ४ इंग्रजी आठसारखा. मासळीच्या लिलावाच्या किंवा काजूच्या पोत्यांच्या नोंदी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे सांगायला नको. प्रश्नात हस्ताक्षरातला कागद दिला असेल, तर त्या माणसाने तारीख कशी लिहिली आहे ते आधी बघा. तारखेवरून त्याचा १, ४ आणि ९ कसा निघतो ते कळतं.

जुळवताना मनात काय म्हणता यानेही फरक पडतो. मराठीत दोन अंकी संख्या म्हणताना एककाचा अंक आधी येतो. ७८ दिसलं की तोंडात येतं 'अठ्ठ्याहत्तर', म्हणजे आठ पहिल्यांदा. शेजारच्या रकान्यात ८७ असेल तर कानाला आठ-सात, सात-आठ यांची सरमिसळ होते. ७९ ला 'एकोणऐंशी' म्हटलं की मनात आठ रेंगाळतो आणि ८९ बरोबर वाटून जातो. म्हणून जुळवताना संख्या म्हणायचीच नाही, सुटे अंक म्हणायचे: सात, आठ. आणि तिनाच्या गटात: ४५२-७१८-३. एका वेळी मनात चारेक तुकडेच नीट मावतात. दहा-अकरा अंक सलग ओढायला गेलं की मधले सांडतात.

वेळ उरला तर दुसरी फेरी उजवीकडून डावीकडे करा. पहिल्या फेरीत नजर पहिल्या तीन-चार अंकांवर विश्वासून पुढचे गिळते. उलट वाचताना तो विश्वास ठेवायला जागा राहत नाही.

कंटेनरचा नंबर अकरा जागांचा असतो. पहिली तीन अक्षरं मालकाची, चौथं प्रकाराचं (मालवाहू कंटेनरला बहुधा 'यू'), मग सहा आकडे, आणि शेवटी चौकटीतला एक तपासणी अंक. हा अंक आधीच्या दहा जागांवरून गणितानं काढलेला असतो, त्यामुळे एखादा अंक चुकला की तो जुळत नाही. चाचणीत हे गणित करायला लावतील असं नाही, पण चौकटीतला आकडा नंबराचाच भाग आहे हे माहीत नसलेली मुलं तो सोडून दहाच जागा उतरवतात आणि उत्तर चुकतं.

बेरजा जुळवायच्या प्रश्नात एक जुना हिशेबी ठोकताळा कामाला येतो. दोन बेरजांमधला फरक ९ ने पूर्ण भागला जात असेल, तर कुठेतरी दोन अंकांची अदलाबदल झाल्याचा संशय घ्या. ४५२७ च्या जागी ४५७२ लिहिलं तर फरक ४५ येतो. हा ठोकताळा चूक सिद्ध करत नाही, पण कुठली ओळ आधी तपासायची ते सांगतो.

सरावासाठी मुंबई-गोवा महामार्ग पुरेसा आहे. रसायनांच्या टँकरवर मागे आणि बाजूंना आपत्कालीन माहितीचा फलक असतो. त्यावर चार अंकी यूएन क्रमांक (रसायन ओळखायचा आंतरराष्ट्रीय क्रमांक), रसायनाचं नाव, हॅझकेम कोड (आग किंवा गळती झाली तर काय करायचं ते सांगणारा) आणि फोन नंबर असतात. १००५ म्हणजे अमोनिया, १०१७ क्लोरीन, १८३० सल्फ्युरिक आम्ल, १७८९ हायड्रोक्लोरिक आम्ल. शेवटचे दोन अंक उलटले की होतो १७९८, आणि ते वेगळंच आम्ल आहे. एसटीच्या खिडकीतून दिसलेला फलक एकदा बघायचा, टँकर पुढे गेल्यावर क्रमांक वहीत लिहायचा, मग पुढच्या थांब्यावर तो रसायनाच्या नावाशी जुळतो का ते बघायचं. या सरावात कोडची सवय होते आणि रसायनांची ओळखही, त्यामुळे मोबाइलवरच्या 'दहा फरक शोधा' छापाच्या खेळांपेक्षा तो कितीतरी बरा. त्या खेळात फरक आहे हे आधीच ठाऊक असतं. कामावर ते ठाऊक नसतं.

धोके शोधायचं चित्र

एक मोठं चित्र किंवा फोटो देतात: वर्कशॉप, गोडाऊन, जेट्टी, प्रोसेसिंग हॉल. 'यातले धोके लिहा' एवढाच प्रश्न. बहुतेक जण डोक्यावर हेल्मेट नसलेला माणूस पकडतात, जमिनीवरचं पाणी पकडतात आणि मग नजर माणसांच्या चेहऱ्यांवरच फिरत राहते.

यावर उपाय तीन फेऱ्यांचा. पहिली फेरी उंचीने: जमीन, मग कमरेची पातळी, मग डोक्याच्या वर. वर कोणी बघत नाही, आणि पेपर काढणाऱ्याला वरच काहीतरी टांगायला आवडतं: क्रेनच्या हुकाची उघडी खिटी, मचाणाच्या कडेवर ठेवलेला पाना, लोंबणारी केबल.

दुसरी फेरी शक्तीची. इथे माणसाला इजा करू शकेल अशी कुठली शक्ती आहे? वीज, दाब, उष्णता, उंचीवरून पडणं, फिरणारे भाग, रसायन, हलणारं वजन. या सात शब्दांची यादी पाठ असावी. प्रत्येक शब्द मनात म्हणून चित्रावर एकदा नजर टाकायची.

तिसरी फेरी नसलेल्या गोष्टींची, आणि खरे गुण इथे आहेत. त्यासाठी 'व्यवस्थित असतं तेव्हा कसं असतं' हे माहीत हवं. वारंवार येणाऱ्या काही गोष्टी इथे सविस्तर सांगतो.

गॅस कटिंगच्या जोडीत ऑक्सिजनचं सिलिंडर काळं आणि असिटिलीनचं मरून असतं. दोन्ही उभी आणि साखळीने बांधलेली हवीत. असिटिलीनचं सिलिंडर आडवं दिसलं तर तो ठळक दोष: आत असिटोन असतो, आडवं ठेवलं की तो व्हॉल्व्हकडे येतो. असिटिलीनच्या जोडणीचे आटे डावे असतात आणि त्या नटवर खाचा असतात. ऑक्सिजनचे आटे उजवे. क्लोजअप फोटोत खाचा दिसल्या आणि नळी ऑक्सिजनच्या सिलिंडरला जाताना दाखवली असेल, तर काहीतरी चुकलंय. ऑक्सिजनच्या रेग्युलेटरजवळ ग्रीसचा डबा किंवा तेलकट फडकं ठेवलेलं असेल तर तेही लिहा. शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेल-ग्रीस पेट घेऊ शकतं.

अग्निशामकात हमखास एक सापळा असतो. ड्राय पावडरच्या नळकांड्यावर बहुधा प्रेशर गेज असतं, काटा हिरव्या पट्ट्यात हवा, पिन आणि सील जागेवर हवं. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरवर, ज्याला काळा भोंगा असतो, असं गेज नसतंच; त्याची भरती वजन करून तपासतात. 'गेज नाही' असं धडाधड लिहिणारे उमेदवार इथे चुकीचा दोष नोंदवून गुण घालवतात.

शिडीचा हिशेब चारास एक. बारा फूट उंचीवर टेकवली असेल तर पाया भिंतीपासून तीन फूट. चित्रात पाया भिंतीला चिकटलेला असेल तर ती मागे कलंडेल, फार लांब असेल तर घसरेल. बाक-ग्राइंडरवर टूल रेस्ट (काम टेकवायची पट्टी) आणि चाक यांतली फट साधारण ३ मिलिमीटरहून जास्त नको, नाहीतर काम आत ओढलं जातं. ड्रिल किंवा लेथवर काम करणाऱ्याच्या हातात कापडी हातमोजे असतील, तर तो धोकाच आहे. 'हातमोजे आहेत, म्हणजे सुरक्षित' असं वाटतं, पण फिरता स्पिंडल मोज्यासकट बोटं खेचतो. फोर्कलिफ्ट उतारावर भरलेली असेल तर माल चढाच्या बाजूला हवा. रिकामी असेल तर काटे जमिनीलगत हवेत. वायर रोपच्या क्लॅम्पमध्ये सॅडल (खाचेचा जाड भाग) भार घेणाऱ्या दोरावर आणि यू-बोल्ट मोकळ्या टोकावर बसतो. उलटा बसवला तर भार घेणारा दोरच चेपतो. जेट्टीवरच्या फोटोंत हे बारकाईने बघा, आणि आपल्या खाऱ्या हवेत क्लॅम्पच्या नटांवर, शिडीच्या पायऱ्यांवर, मचाणाच्या जोडांवर गंज कुठे आहे तेही. लाल डाग दिसला की लगेच गंज लिहू नका मात्र. जांभ्याची धूळही तशीच लाल असते. गंजाचे पापुद्रे सुटतात, धूळ सपाट पसरते.

रसायनांच्या गोडाऊनमध्ये कोण कोणाशेजारी आहे ते पाहा. आम्लाच्या कॅनशेजारी सोडियम हायपोक्लोराइट ठेवलेलं असेल आणि दोन्ही सांडून मिसळले, तर क्लोरीन वायू तयार होतो. डोळे धुवायच्या नळासमोर ड्रम, बाहेर पडायच्या दारात पॅलेट हे तर नेहमीचेच. पाइपांचे रंग भारतीय मानकानुसार असतात: पाण्याला समुद्री हिरवा, आम्ल-अल्कलीला गडद जांभळा, हवेला फिकट निळा, आगीच्या पाण्याला लाल. 'पाणी' अशी पाटी जांभळ्या पाइपावर असेल तर ते नोंदवायचं.

मासळीच्या हॉलचं चित्र आलं तर धोक्याबरोबर स्वच्छताही विचारलेली असते, आणि इथे ओळखीचीच गोष्ट नजरेआड होते. कोळंबी सोलणाऱ्या बाईच्या हातातल्या बांगड्या आपल्याला दिसत नाहीत, कारण बांगड्या असतातच. अंगठी, घड्याळ, कुडी, वाढलेली नखं, कानावरून वर सरकलेली जाळीची टोपी, टेबलाच्या बरोबर वर लावलेला कीटक मारायचा दिवा (मेलेला किडा खाली मालात पडतो), हे सगळं त्या प्रोसेसिंग हॉलमध्ये दोष आहे. फ्रीझरच्या डिस्प्लेवर १८ दिसतंय की उणे १८ ते बघा. उणे चिन्ह बारीक असतं आणि तेच काढून टाकलेलं असतं.

प्रतवारीचे प्रश्न इथेच येतात. कोळंबीचा १६/२० म्हणजे एका पौंडात १६ ते २० नग, म्हणून आकडा लहान तितका माल मोठा. काजूगरातही तसंच: डब्ल्यू २४० म्हणजे पौंडाला २२० ते २४० गर, डब्ल्यू ३२० म्हणजे ३०० ते ३२०. पौंड ४५४ ग्रॅमचा. शंभर ग्रॅमच्या नमुन्यात ७० गर मोजले, तर पौंडाला ३१८ होतात, ती ३२० ची प्रत. लेबलवर २४० असेल तर माल आणि लेबल जुळत नाहीत. मोजताना तुकडे आणि पाकळ्या अख्ख्या गरांत धरू नका. डाग पडलेले, जळकट गर प्रश्नात वेगळे विचारले असतील तर ते वेगळे काढून मोजा.

गेज वाचणं

यात चूक एकच, पण पुन्हा पुन्हा: एका बारीक रेघेची किंमत न काढता काटा वाचणं. ० ते १० च्या गेजवर प्रत्येक दोन आकड्यांमध्ये पाच भाग असतील, तर एक रेघ ०.२ ची. काटा ६ च्या पुढे तिसऱ्या रेघेवर असेल तर ६.६, घाईत लिहितात ६.३. आधी रेघेची किंमत कागदाच्या कोपऱ्यात लिहा, मग काटा बघा.

मग एकक. कारखान्यात 'सात किलो प्रेशर' म्हणतात ते किलो प्रति चौरस सेंटिमीटर. ते जवळपास १०० पीएसआय होतं आणि बारमध्ये ६.९ च्या आसपास. एकाच तबकडीवर दोन रंगांत दोन मापं असतात, प्रश्न त्यातलं एक विचारतो. काही गेजवर शून्याच्या डावीकडे निर्वाताचा भागही असतो. काटा तिथे असेल तर उत्तर ऋण येतं. फोटो तिरका काढलेला असेल तर काट्याची सावली आणि काटा यांत गोंधळू नका.

एक मिनिट बघा, मग उत्तरं द्या

चित्र किंवा व्हिडिओ दाखवतात, काढून घेतात आणि मग प्रश्न. इथे सगळं पाठ करायला जाऊ नका. साठ सेकंद असतील तर पहिली दहा सेकंदं चित्राचा विषय ठरवायला द्या: हे काय ठिकाण, काय काम चाललंय. मग चार कोपऱ्यांना प्रत्येकी दहा सेकंदं. उरलेल्या दहात डोळे मिटून चारही कोपरे मनातल्या मनात बोलायचे. डोळे मिटलेली ती दहा सेकंदं वाया जातात असं वाटतं, पण आठवणीत टिकायला त्यांचाच उपयोग होतो. जो कोपरा बोलता येत नाही, तिथे शेवटची नजर टाकायची.

प्रत्येक कोपऱ्यात पाच गोष्टी: माणसं किती आणि अंगावर काय, यंत्र चालू की बंद, लिहिलेला मजकूर, आकडे (घड्याळ, तारीख, गेज), आणि खटकणारं काही. घड्याळाची वेळ आणि फलकावरचा मजकूर हमखास विचारतात, कारण लोक चित्रातली अक्षरं वाचत नाहीत, फक्त बघतात.

व्हिडिओत लक्ष हालचालीवर ठेवा: कोण आत आलं, हातात काय होतं, जाताना काय होतं, काय जागचं हललं. नोंद करायला परवानगी असेल तर कागदावर तीनच रकाने: वेळ, कोण, काय. पूर्ण वाक्य लिहायला गेलात की पडद्यावरचे पाच सेकंद गेले. 'नि.हे. डावी. ड्रम→' एवढं पुरे; निळं हेल्मेट, डावीकडून, ड्रम घेऊन गेला.

दिसलं आणि वाटलं

अहवाल लिहायच्या प्रश्नात, आणि 'खरं, खोटं, माहिती अपुरी' अशा पर्यायांत, हुशार मुलं जास्त चुकतात. ती पुढचं ताडतात. 'कामगार निष्काळजीपणे शिडीवर चढला' हे निरीक्षण नव्हे, निकाल आहे. निरीक्षण असं: 'शिडीचा पाया भिंतीपासून अंदाजे एक फुटावर आहे. वरचं टोक बांधलेलं नाही. खाली कोणी धरलेलं नाही.' 'जमिनीवर तेल सांडलं आहे' असंही लिहू नका. फोटोत दिसतो तो काळसर, चमकणारा द्रव. जुलैमधल्या शेडचा फोटो असेल तर ते छतातून गळलेलं पाणीही असू शकतं. 'पंपाच्या खाली सुमारे दोन फूट व्यासाचा काळसर द्रव. पंपाच्या सीलवरून थेंब पडताना दिसतो' असं लिहिलंत तर तपासणाऱ्याला पुढे काय करायचं ते कळतं.

स्वतःचं वाक्य तपासायचं असेल तर त्याला विचारा: हे दाखवायला मी चित्रावर बोट कुठे ठेवीन? बोट ठेवायला जागा नसेल तर ते वाक्य अंदाजाचं. अंदाज लिहायलाच नको असं नाही. तो वेगळ्या ओळीत 'शक्यता' म्हणून लिहा. घाई, आळस, मुद्दाम, नेहमी, कधीच हे शब्द अहवालात आले की समजा निकाल लिहिला जातोय.

'माहिती अपुरी' हा पर्याय भित्रेपणाचा नाही. चित्रात मीटरचा दरवाजा बंद आहे आणि विधान आहे 'आतली एमसीबी बंद आहे', तर उत्तर अपुरी माहिती हेच. उलट चित्रात स्पष्ट तीन माणसं असताना 'कदाचित मागे चौथा असेल' म्हणून अपुरी लिहिणं ही अति सावधगिरी.

रेल्वेची वेगळी चाचणी

असिस्टंट लोको पायलट किंवा स्टेशन मास्तर होऊ पाहणाऱ्यांना संगणकावरची अभिक्षमता चाचणी द्यावी लागते. लोको पायलटसाठी ती पाच भागांची असते: स्मरण, सूचनांचं पालन, खोलीची जाण, एकाग्रता आणि आकलनाचा वेग. प्रत्येक भागात वेगळे किमान ४२ टी-गुण लागतात. एका भागात कमी पडलात तर बाकीच्या चार भागांतले गुण तो भरून काढत नाहीत. टी-गुणात सरासरी ५० धरतात आणि विचलन १०, म्हणजे ४२ ही सरासरीच्या थोडी खालची पातळी. फार वर जायची गरज नाही, पण कुठलाही भाग कच्चा ठेवता येत नाही. या चाचणीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे शेवटी एकही प्रश्न कोरा ठेवू नका. प्रश्न इंग्रजी आणि हिंदीत असतात, मराठीत नाही. सूचना-पालनाच्या भागात हिंदीतले दिशादर्शक शब्द अडतात, ते आधी घोटून घ्या. नमुना प्रश्न आरडीएसओच्या (रेल्वेच्या संशोधन संस्थेच्या) संकेतस्थळावर मानसशास्त्रीय तंत्र विभागात असतात. बाजारातल्या जाड पुस्तकांआधी ते सोडवा.

इतरत्र गुण कापत असतील तर हिशेब करा. चार पर्याय आणि चुकीला एक तृतीयांश वजा, अशा पेपरात डोळे मिटून ठोकलेल्या उत्तरांची सरासरी शून्य येते. एक पर्याय खात्रीने बाद करता आला की ठोकणं फायद्याचं होतं. धोके शोधायच्या चित्रात चुकीच्या दोषाला गुण कापतात का, हे सूचनांत वाचा. कापत नसतील तर संशयातलेही लिहा.

किती दिवस, किती वेळ

तीन आठवडे, रोज वीस मिनिटं. त्याहून लांब बसू नका, वर सांगितलेल्या मॅकवर्थच्या काट्याप्रमाणे पकड सुटते आणि चुकीची सवय पक्की होते. पहिल्या आठवड्यात वेळ लावू नका, फक्त बिनचूक करा. दुसऱ्यात वेळ लावा आणि चुकांची वही ठेवा: उलटलेले अंक, गळलेला अंक, वर न बघणं, रेघेची किंमत न काढणं. आठ-दहा दिवसांत दिसेल की तुमच्या चुका दोन-तीन प्रकारांच्याच आहेत. तिसऱ्यात फक्त त्यांचा सराव. धोक्यांच्या चित्रासाठी वेगळी पुस्तकं नकोत. आयटीआयचं वर्कशॉप, गावातली गिरण, बर्फाचा कारखाना, बंदरावरची जेट्टी, जिथे परवानगी असेल तिथे दहा मिनिटं उभं राहून तीन फेऱ्या करा. तिथल्याच जुन्या कामगाराला विचारा, 'काका, यात काय नाहीये?' जे तुम्हाला दिसलं नाही ते तो सांगेल.

चष्मा असेल तर चाचणीआधी महिनाभर नंबर तपासून घ्या. दूरचा नंबर बदललेला नसला तरी जवळचं बघताना ताण येत असेल तर आकडे जुळवताना तो जाणवतो. रंग ओळखण्यात अडचण असल्याचा संशय असेल, तर इशिहाराची तपासणी (रंगीत ठिपक्यांतले आकडे ओळखायची) सरकारी रुग्णालयाच्या नेत्रविभागात अर्ज भरण्याआधीच करून घ्या. लाल-हिरव्याचा हा दोष बहुतेकदा जन्मजात असतो, सरावाने जात नाही, आणि सिग्नल किंवा वायरच्या रंगांवर चालणाऱ्या पदांना तो आड येतो. रंगावर न चालणारी पदंही असतात, अर्ज तिकडे वळवता येतो.